गार खालून लागतं

वाकळ काट्यावर टाकली तेव्हा आकडा २ किलो ९०० ग्रॅमवर जाऊन थांबला. मामांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "भाव काय लावू?"

मामांचं लातुरात किराणा दुकान आहे. शेंगदाणे, साखर, पोहे यांच्यासाठी असलेल्या त्या काट्यावर मी दुपारच्या निवांत वेळेत माझं अंथरूण-पांघरूण मोजत बसलो होतो. सायकलवर लातूर, अंबाजोगाई, धारूर असं जाऊन तिसऱ्या दिवशी घरी परतायचं होतं, आणि रात्री लॉजवर झोपायचं नाही हे ठरलं होतं. आजी म्हणाली, वाकळ ने. तिच्या दोन लुगड्यांची, आजोबांच्या धोतराची आणि मधे कसल्या तरी जुन्या सतरंजीची ती वाकळ, हाताच्या टाक्यांनी गच्च शिवलेली. माझ्या लहानपणापासून घरातल्या प्रत्येक तापात ती अंगावर आली आहे. पण जवळजवळ तीन किलो! अंबाजोगाईच्या अलीकडं बालाघाटाचे चढ सुरू होतात, आणि तिथं शंभर ग्रॅमसुद्धा मांडीला कळतात.

बाइकपॅकिंग हा शब्द मी तेव्हा नुकताच ऐकला होता. कॅरिअर आणि दोन बाजूंच्या झोळ्या काढून टाकायच्या, सामान हँडलला, फ्रेमच्या त्रिकोणात आणि सीटच्या मागं आवळून बांधायचं, म्हणजे सायकल सडपातळ राहते आणि गाडीवाटेनंही नेता येते. ऐकायला सोपं वाटतं. बांधायला बसल्यावर कळतं, की कपडे, पाणी, हवेचा पंप, खाणं हे सगळं कसंही बसतं. बसत नाही ती झोप. अर्धी जागा आणि अर्धं वजन रात्रीच खातात.

वाकळ घरीच राहिली. एका मित्राकडून हिमालयात नेलेली स्लीपिंग बॅग आणली. उणे पाच अंशांची, असं तो अभिमानानं म्हणाला. ती १ किलो ८०० ग्रॅम भरली. खाली अंथरायला पातळ चादर घेतली. वर एवढं भारी पांघरूण असल्यावर खाली काय, काहीही चालेल, असा माझा हिशोब.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. रेणापूर मागं टाकल्यावर एका गावात मारुतीच्या देवळात थांबलो. सभामंडप प्रशस्त, तीन बाजूंनी मोकळा, खाली शहाबादी फरशी. पुजाऱ्यांनी हसून परवानगी दिली, चहा दिला, वर म्हणाले, "गार लागंल बघा." मी बॅगेकडं बोट दाखवलं.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली, ती विचित्र अवस्थेत. छातीला घाम होता आणि पाठ बर्फ झाली होती. चेन उघडली की छाती गार, बंद केली की घाम; पाठीला मात्र दोन्ही वेळा तेच. कुशीवर वळलो तर कंबर गारठली. पालथं झोपून पाहिलं. शेवटी पहाटे चारला उठून पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो, आणि बसल्यावर बरं वाटलं, कारण फरशीला टेकलेला देह कमी झाला. काकड्याला आलेल्या आजोबांनी मला तसं बसलेलं बघून "साधना चाललीय का?" असं विचारलं. मी हो म्हणालो.

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा उलगडा झाला. पांघरुणातली ऊब पिसांची नसते, कापसाचीही नसते. त्यात अडकून पडलेल्या, हलू न शकणाऱ्या हवेची असते. आपण बॅगेत शिरून पाठीवर पडलो की पाठीखालचा सगळा भराव दबून पापडासारखा होतो. हवा गेली की ऊब गेली. मग अंग आणि फरशी यांच्यात उरतात कापडाचे दोन पदर, आणि दगड रात्रभर अंगातली उष्णता शोषत राहतो. दगड कधी तापत नाही, माणूस मात्र थकतो. म्हणून स्लीपिंग बॅगेवर जे तापमान छापलेलं असतं ते खाली चांगली चटई आहे असं गृहीत धरून मोजलेलं असतं, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. त्या छापील आकड्यांतही 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन असतात: पहिला साधारण बाई सुखानं झोपेल तो, दुसरा साधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल तो. तिसरा 'एक्स्ट्रीम'चा, तो जीव वाचण्यापुरता. मित्राचे उणे पाच यातले कुठले, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही. मैत्री टिकवायची आहे.

चटईची ऊब मोजायलाही आकडा आहे, त्याला आर-व्हॅल्यू म्हणतात. जितका जास्त तितकी ती उष्णता अडवते, आणि एकावर एक दोन चटया टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं हा आकडा काढायची. २०१८ साली सगळ्यांसाठी एक ठरलेली चाचणी आली आणि तुलना करणं शक्य झालं. घडीची साधी फोमची चटई २ च्या आसपास असते. ४ च्या वरच्या चटया बर्फाच्या माणसांसाठी. आमच्या परभणीत कृषी विद्यापीठाचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की वर्तमानपत्रांत शेकोट्यांचे फोटो येतात, पण एरवी मराठवाड्यातली हिवाळ्याची रात्र दहा-बारा अंशांची. २ पुरे.

हे आता म्हणतो. तेव्हा मी वजनाच्या नादाला लागलो होतो.

हवा भरायच्या चटयांची एक गोष्ट वाचली आणि भाळलो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंग कंपनीतली नोकरी गेलेले दोन अभियंते सिएटलमध्ये होते. त्यातला एक बागकाम करताना फोमच्या उशीवर गुडघे टेकून बसला, तेव्हा उशीतून हवा बाहेर पडताना त्यानं पाहिली. ही हवा आतच कोंडून ठेवली तर? त्यातून थर्म-अ-रेस्ट ही आपोआप फुगणारी चटई निघाली. नुसती हवेची गादी गार पडते, कारण आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला नेऊन देते. आत फोम असला की हवेला फिरता येत नाही. त्याच कंपनीची आजची सगळ्यांत गाजलेली फुगवायची चटई ३७० ग्रॅमची आहे आणि आर-व्हॅल्यू ४.५. त्यात फोमही नाही, चांदीसारख्या चकचकीत पापुद्र्यांचे कप्पे आहेत. मामांच्या काट्यावर ३७० ग्रॅम म्हणजे जेमतेम एका कुटुंबाचे दोन दिवसांचे पोहे.

तेवढी ऐपत नव्हती. मी तसल्याच धाटणीची एक स्वस्तातली घेतली. घरात फरशीवर अंथरून झोपून पाहिलं, दोन रात्री. झकास.

तिसरी रात्र पुढच्या हिवाळ्यात मांजरेच्या काठाला, एका तोडलेल्या उसाच्या फडाच्या बांधावर. अंधारात चटई फुगवली, आडवा झालो, आणि तासाभरात ढुंगण जमिनीला टेकलं. पुन्हा फुगवली. पुन्हा टेकलं. टॉर्च लावून बघितलं तर खाली सराटे. ज्यांनी मराठवाड्यात सायकल चालवली आहे त्यांना सराटा समजावून सांगायला नको; शाळेत असताना ट्यूबचे अर्धे पंक्चर त्यानंच दिले. बी कसंही पडलं तरी त्याचा एक तरी काटा आकाशाकडं असतो. आणि सराटा नसेल तिथं बाभूळ, बाभूळ नसेल तिथं वेडी बाभूळ. हवेवर झोपायचं असेल तर हा प्रदेश त्यासाठी बनलेला नाही. हे कुठल्याच परदेशी परीक्षणात लिहिलेलं नसतं, कारण ते लिहिणारे गवतावर झोपतात. चूक चटईची नव्हतीच, जागा न झाडता अंथरणाऱ्याची होती. पण अंधारात, दिवसभर सत्तर किलोमीटर मारल्यावर, जागा नीट झाडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

फडाच्या दुसऱ्या टोकाला ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, होत्या. पाच-सहा. माझी टॉर्च सारखी हलताना बघून एक जण विचारपूस करायला आला. माणसं धारूर तालुक्यातली, म्हणजे मी जिकडं फिरायला चाललो होतो तिकडून ती पोटासाठी इकडं आली होती. त्यांनी मला कोप्यांजवळ नेलं. चूल विझत आली होती. तिथल्या मावशींनी माझी चटई हातात घेतली, पिळून पाहिली, आणि नवऱ्याकडं बघून हसल्या. मग काही न बोलता शेजारच्या ढिगातून पाचटाचे दोन भारे आणले, पायानं पसरले, वर पोत्याचं बारदान टाकलं.

"वर काय घ्याचं ते घ्या," त्या म्हणाल्या. "गार वरून न्हाई लागत, दादा. खालून लागतंय. आधी बूड झाका."

एक वर्ष वाचून जे कळलं होतं ते एका वाक्यात. वाळलेल्या उसाच्या पानांत, एकमेकांवर आडवीतिडवी पडलेल्या त्या पात्यांत, हवा अडकून पडते. सिएटलच्या अभियंत्यानं फोममध्ये अडकवली तीच हवा. त्या रात्री मी मेल्यासारखा झोपलो. पाचटाची कूस अंगाला टोचते, आवाज करते, आणि सकाळी केसांतून दिवसभर तुकडे निघतात. पण पाठ गरम होती.

पहाटे पाचला मी जागा झालो तेव्हा कोप्या रिकाम्या होत्या. सगळे फडात गेले होते, लेकरंसुद्धा. दहिवरानं भिजलेल्या उसात. मावशींच्या कोपीत डोकावलो तर त्यांचं अंथरूण मी झोपलो तसंच, फक्त पाचट बरंच कमी. मी चटईवर हजारो रुपये घालवून हलकं होण्याची हौस करत होतो आणि ही माणसं सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून निघतात: भांडी, पीठ, कोंबड्या, गोधड्या. तिथं वजन करायला कुणाला सुचत नाही. मला तेव्हा थोडी लाज वाटली होती. आजही हे लिहिताना वाटते, पण म्हणून मी सायकल सोडली असं काही झालेलं नाही.

त्यानंतरची खरेदी सोपी झाली. फोम. आधी एका दुकानात योगासनांची चटई स्वस्त मिळाली म्हणून उचलली होती. ती काट्यावर टाकली तर किलोच्या वर. योगाच्या चटया वजनदारच असतात, पाय सरकू नये म्हणून. त्यांत दाट रबरासारखं प्लास्टिक असतं, हवा कमी. आपल्याला हवा असतो तो हलका, बंद छिद्रांचा, नखानं दाबला की खळी पडणारा फोम. तो सेंटिमीटरभर जाडीचा आणला आणि आजीच्या कात्रीनं खांद्यापासून मांडीपर्यंत, चार फुटांचा कापला. १८० ग्रॅम. पायाखाली रिकाम्या बॅगा टाकतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं म्हणतात. मी अंथरूण कापलं आणि पाय बाहेर ठेवले. सराटा त्यात घुसतो, तसाच राहतो, सकाळी उपटून टाकायचा. फोम गुंडाळी करून मोठा दिसतो हे खरं, पण तो हँडलवर बाहेरून बांधता येतो आणि भिजला तरी झटकून कोरडा होतो.

चटईखाली ओल अडवायला परदेशी लोक एक कागदासारखं पातळ प्लास्टिक वापरतात. आपल्याकडं ते कलिंगडाच्या आणि मिरचीच्या शेतात मैलोन्‌मैल पसरलेलं आहे. मल्चिंग पेपर! तीस मायक्रॉनचा, चार फूट रुंद. सात फुटांचा तुकडा सत्तर ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ओळखीच्या शेतकऱ्याकडं उरलेल्या रिळातून फुकट मिळतो. चंदेरी बाजू वर ठेवायची की काळी, यावर आमच्या गटात वाद आहेत. मी त्यात पडत नाही.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड, आणि त्यावर त्यांनी लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांपासून सृष्टी कशी होते त्याचं निरूपण. पासोडी म्हणजे खरं तर पांघरायचं जाडंभरडं कापड. त्या सहलीत मी तिच्याबद्दल ऐकलं तेव्हा डोक्यात अध्यात्म आलं नाही, रुंदी आली: चार फूट, माझ्या मल्चिंग पेपरएवढीच. एका माणसाच्या झोपेची रुंदी चारशे वर्षांत बदललेली दिसत नाही.

आता वरचं. पिसांची रजई सगळ्यांत हलकी, यात वाद नाही. ८०० फिल-पॉवरची पिसं म्हणजे २८ ग्रॅम पिसं फुलून सुमारे १३ लिटर जागा व्यापतात, एका घागरीएवढी. चिमूटभर वजनात घागरभर थांबलेली हवा. पण पिसं भिजली की चिकटून गोळा होतात आणि हवा निघून जाते. आमच्याकडं हिवाळ्यात पाऊस नसतो, दहिवर असतं. स्वच्छ आकाशाखाली, नदीकाठी, पहाटे पांघरूण पिळण्याइतकं ओलं होतं. झाडाखाली किंवा पत्र्याखाली तेच पांघरूण कोरडं राहतं, कारण आकाश झाकलेलं असतं. शिवाय गार हवा जड असते, रात्री ती उतारानं खाली ओघळते आणि नदीपात्रात, ओढ्यात साचते. म्हणून आता मी मुक्काम माळावर, उंचवट्यावर, चिंचेखाली किंवा आंब्याखाली टाकतो. जागा नीट निवडली तर दोनशे ग्रॅम पांघरूण वाचतं, आणि त्याला पैसेही पडत नाहीत. बाभळीखाली मात्र कधीही नाही. ते कशाला सांगायला हवं.

मी कृत्रिम धाग्याची, दहा अंश कम्फर्टची बॅग घेतली. ती ९८० ग्रॅमची होती. पाठीखालचा भराव दबून वायाच जाणार आहे तर तो वाहायचा कशाला, हा विचार करून जगात काही लोक बॅगेऐवजी नुसती रजई वापरतात: पायाकडं खोळ, वर मोकळी, खाली काही नाही. मी बॅग घेऊन लातूरच्या बाजारात, गंजगोलाईतल्या एका शिंप्याकडं गेलो. सोळा रस्ते जिथं येऊन मिळतात तिथं कुठल्याही कामाला माणूस सापडतो. चेन उसवा, पाठ कापा, पायाकडचा हातभर भाग तसाच ठेवा. त्यांनी नवी कोरी बॅग उलटसुलट करून बघितली.

"फाटली कुठं?"

"फाटली नाही. कापायची आहे."

"घरी विचारलंय का?"

काम झाल्यावर ती ६२० ग्रॅम भरली. कापलेला तुकडा त्यांनी मला परत दिला नाही, आणि मीही मागितला नाही. कडेला नाड्या लावून घेतल्या. कूस बदलताना फट पडते आणि तिथून वारा शिरतो. जे झोपेत फार लोळतात त्यांनी या भानगडीत पडू नये, सरळ बॅग वापरावी.

आणि आजीचं लुगडं. अर्धं लुगडं दुमडून दोन बाजूंनी शिवलं की आत शिरायची खोळ तयार होते, २३० ग्रॅमची. रेशमाची मिळते ती याच्या निम्म्यानं हलकी असते. मला माहीत आहे. पण सुती लुगडं घाम पितं, घामट रजई धुण्यापेक्षा ते धुणं सोपं, आणि फेब्रुवारीनंतर मी रजई घरी ठेवून नुसतं तेच नेतो. एप्रिल-मेमध्ये तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. तेव्हा लुगडं ओलं करून पांघरायचं. तेव्हा महत्त्वाची फक्त मच्छरदाणी, तीही खालून बंद असलेली, कारण डासांपेक्षा मला विंचवाची काळजी जास्त. पावसाळ्यात काळ्या मातीत मी सायकल नेत नाही. चाक दहा फुटांत मडगार्डला चिकटून थांबतं. तो विषय तिथंच संपतो.

तंबू नेत नाही. तंबूच्या काठ्या हँडलच्या दोन वाकांमधे मावत नाहीत, आडव्या बांधल्या की ब्रेकच्या वायरी दाबल्या जातात. त्याऐवजी ४२० ग्रॅमचं ताडपत्रीसारखं पातळ कापड, एक बाजू सायकलला बांधून, दुसरी जमिनीला. बहुतेक रात्री ते उघडतच नाही. हँडलवर मऊ, फुगीर, हलकं सामान. जड काही असलं की वळणावर हँडल आपोआप पुढं ओढतं, आणि धारूरच्या घाटात उतरताना ते नको वाटतं. सीटमागच्या पिशवीत जड टाकलं तर ती शेपटीसारखी हलते. उशी म्हणून उद्याचे कपडे.

सगळं मिळून मच्छरदाणीसकट १ किलो ८०० ग्रॅम. मामांनी आकडा पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे पहिल्यांदा नेलेल्या त्या बॅगेइतकंच झालं की."

बरोबर होतं. ते वजन तेव्हा फक्त छातीवर होतं.

आजीला मी सगळं अंथरून दाखवलं. तिनं फोम दाबून बघितला, रजई उचलून बघितली, लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं. हे लुगडं तिनं कुणाच्या लग्नात नेसलं होतं ते सांगत बसली, त्यात अर्धा तास गेला. रजईबद्दल ती एवढंच म्हणाली, "टाके लई लांब लांब घातलेत." वाकळेत टाके दाट असतात म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते, पण प्रत्येक टाक्यापाशी भराव दबतो आणि तिथली हवा जाते, माझ्या रजईत टाके लांब म्हणून ती हलकी आणि उबदार, आणि चार-पाच वर्षांत तिचा भराव गोळा होणार. दोन्ही खरं. मी वाद घातला नाही.

यंदा जानेवारीत पुन्हा मांजरेच्या त्या फडाजवळून गेलो. कोप्या नव्हत्या, ऊस पुढं सरकला की त्याही सरकतात. चुलीची तीन दगडं तेवढी होती. शेजारच्या फडातलं पाचट पेटवून दिलेलं, जमीन काळी पडलेली, पण बांधाच्या कडेला एक पट्टा जळायचा राहिला होता. अंधार व्हायला आला होता. मी सायकल आडवी केली, जागा या वेळी नीट झाडली, मल्चिंग पेपर पसरला, त्यावर चटई. मग थोडा वेळ तसाच उभा राहिलो, आणि चटईची कड उचलून दोन्ही हातांनी पाचट खाली सारलं.